वाडा पुढे निघण्याआधी

आमच्या घरात जुनी गोष्ट सांगताना कुणी साल सांगत नसे. आजी म्हणायची, "पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात तुझी आत्या झाली." आजोबा म्हणायचे, "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं." आणि कुठलीही आठवण पुरेशी लांबली की ती 'दुष्काळात' येऊन थांबायची. कुठला दुष्काळ, हे विचारायची गरज नसे. मोठेपणी मी या आठवणींना तारखा लावून पाहिल्या. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२. आजी-आजोबांचा हिशोब कुठेही चुकलेला नव्हता. पुस्तकातला इतिहास आणि घरातला इतिहास एकाच जमिनीवर उभे होते. घरातल्या इतिहासाला लिहून ठेवणारा मात्र कुणी नव्हता.

या कालगणनेत दरवर्षी येणारी एक खूण होती, धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारा त्यांचा तळ. आमचं गाव नीरेच्या खोऱ्यात, पुरंदर आणि भोरच्या मधल्या पट्ट्यात. फलटण, माण, माळशिरसकडचे मेंढपाळ दिवाळी सरली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. काही वाडे नीरेच्या कडेकडेनं भोरपर्यंत जातात, वरंध घाट उतरतात आणि कोकणात चैत्र-वैशाख काढतात. पावसाळा तोंडावर आला की ते माघारी फिरतात, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस आणि चिखल सोसत नाही; खुरं सडतात, मेंढरं दगावतात. तिला माणदेशातला कोरडा वारा मानवतो. पावसाच्या पुढे-मागे राहून चालत राहणं हे या माणसांचं शास्त्र आहे, आणि ते कितीतरी पिढ्या चालत आलं आहे.

आजोबा सांगायचे, वाडा येण्याआधी एक जाणता मेंढका पुढे येऊन वावर बघून जायचा. ओट्यावर बसून बोलणं व्हायचं. "मालक, यंदा किती राती बसवायची मेंढरं?" मग रात्री ठरायच्या, त्या बदल्यात बाजरी ठरायची. तिसऱ्या प्रहरी वाडा दिसायचा. घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीतली लेकरं, आणि पुढे बाया. वाडा उतरवणं, चुली मांडणं, कोकरं डालणं, सगळं त्याच बघायच्या. अंधार पडायच्या आत जाळ्याची वाघर लागायची आणि शेकडो मेंढरं तिच्या आत गोळा व्हायची. सकाळी वावरभर लेंड्या पडलेल्या असायच्या. ज्या वावरात मेंढरं बसली तिथे पुढची दोन पिकं खताकडे बघावं लागत नाही, असं आजोबांचं म्हणणं होतं.

दुष्काळातली गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली. त्या वर्षी आमच्या कणगीत बाजरीचा दाणा नव्हता. घरात रेशनवरचा लाल मिलो शिजत होता. वाडा आला तेव्हा आजोबांनी हात जोडून सांगितलं, "पावनं, यंदा द्यायला काही नाही." म्हातारा मेंढका म्हणाला, "दरसाल देताच की. मेंढरं कुठंतरी बसायचीच, तुमच्या वावरात बसत्यात." त्या रात्री वाघरीशेजारी ओवी झाली. गावातले निम्मे लोक उपाशी होते, आणि सगळे पहाटेपर्यंत बसून होते. पुढच्या सुगीला आजोबांनी दोन्ही वर्षांची बाजरी मापून दिली. सरकारी कागदांत त्या वर्षीचा पाऊस सापडतो, रोजगाराच्या कामांवरच्या मजुरांचे आकडे सापडतात. एका शेतकऱ्यानं आणि एका मेंढपाळानं एकमेकांना कसं जगवलं, ते आजोबांच्या तोंडूनच कळलं.

त्या रात्रीची ओवी बिरोबाची होती. धनगरी ओवी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ही जात्यावरची चार चरणांची ओवी नव्हे. ही देवाची कथा, रात्रभर पुरणारी. एक जाणता गायला लागतो, साथीदार त्याचा शब्द उचलतात, पुन्हा म्हणतात, आणि तेवढ्यात त्याला पुढचं आठवतं. सुरुवातीला सुंबरान मांडायचं, म्हणजे देवांचं स्मरण करायचं, कुठला देव कुठल्या गावचा ते सांगत जायचं. मग कथा सुरू होते. काही वेळ गाऊन झालं की गाणं थांबतं आणि तीच कथा भराभर बोलून सांगितली जाते. त्याला कथन म्हणतात. पुन्हा गाणं, पुन्हा कथन. गायनात देव भेटतो, कथनात प्रपंच उलगडतो: कोण कुठून आलं, कुणी कुणाला शब्द दिला, मेंढरं कुठल्या डोंगराला लागली.

आजीकडे एक दुसरी गोष्ट होती, वीरच्या म्हस्कोबाची. वीर आमच्यापासून जवळच, तिथली माघातली यात्रा आमच्या घरी कधी चुकली नाही. आजी सांगायची, कमळाजी नावाचा धनगर होता. तो सोनारीच्या भैरवनाथाचा भक्त. वारीला न चुकता जायचा. म्हातारा झाला, पाय चालेनात, तेव्हा देवच त्याच्यामागून नीरेच्या खोऱ्यात आला आणि वीरला राहिला. सोनारी परांड्याकडे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. लहानपणी मला ही नुसती देवाची गोष्ट वाटायची.

तिचा दुसरा अर्थ मला पुढे एका जर्मन अभ्यासकाच्या पुस्तकात सापडला. गुंथर सोन्थायमर हे मूळचे कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक, हायडेलबर्ग विद्यापीठातले. महाराष्ट्रात आले आणि धनगरांमध्ये रमले. त्यांच्या वाड्यांवर गेले, यात्रांना गेले, ओव्या टेपवर उतरवून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला. त्याचं इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलं आणि ते १९८९ साली प्रसिद्ध झालं. देव भक्तामागून नव्या गावी आला, अशा कथांमध्ये सोन्थायमरांनी मेंढपाळांच्या वाटा वाचल्या. लोक चराईच्या शोधात एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेले, तिथे स्थिरावले, आणि आपला देव बरोबर घेऊन गेले. आजी सांगत होती ती स्थलांतराची नोंद होती. तिला दिनांक नव्हता, पण सुरुवातीचं गाव होतं, शेवटचं गाव होतं, आणि चालून थकलेला एक माणूस होता.

रा. चिं. ढेरे यांनी तर याच वाटेनं जाऊन थेट पंढरपूर गाठलं. 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या १९८४ सालच्या ग्रंथात त्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. त्यासाठी त्यांना धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव या जोडीचा मोठा आधार झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला ही जोडी आजही नांदते. तिथल्या यात्रेत भंडारा असा उधळला जातो की माणसं, ढोल, घोंगड्या सगळंच पिवळं होऊन जातं. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या दैवताचा इतिहास मांडताना एका थोर संशोधकाला मेंढपाळांच्या तोंडच्या परंपरेकडे जावं लागलं, यावरून तिची किंमत कळावी.

सोन्थायमर टेपवर थांबले नाहीत. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा हाती घेतला. जेजुरीच्या खंडोबाच्या शिकारीवर त्यांनी माहितीपट केला, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस छायाचित्रकार हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत पंढरीच्या वारीवर. १९९२ साली ते गेले. त्यांनी जमवलेल्या धनगरी ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीनं इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ साली निघालं. गाणाऱ्याच्या तोंडून छापील पानापर्यंत यायला ओवीला इतकी वर्षं लागली.

मराठी मुलखात कॅमेरा आणि जिवंत परंपरा यांची गाठ मात्र फार लवकर पडली होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर १४ वर्षांनी आला. आपल्याकडे पहिला भारतीय कॅमेरा वळला तो लाल मातीतल्या डावपेचांकडे. ती परंपरा आपण तशीच चालवायला हवी होती. आपण कथापटांकडे धावलो, आणि गावोगावचे वासुदेव, पोतराज, गोंधळी, चित्रकथी, दशावतारी, गजी नाचणारे लोक दोन गाण्यांच्या मधल्या दृश्यात सजावटीपुरते उरले.

मी माहितीपटाच्या कामाला लागले तेव्हा पहिल्यांदा वाड्यांकडेच गेले. त्यामागे आजोबांचा हट्ट होता. त्यांच्या शेवटच्या वर्षांत ते एकच विचारायचे, "त्यांच्यातला गाणारा कुणी राहिलाय का गं?" राहिले होते. अजूनही आहेत. पण त्यांच्या मागे बसून शब्द उचलणारे कमी झाले आहेत, आणि साथीदारांशिवाय ओवी पुढे सरकत नाही.

चित्रीकरणानं मला ओवीबद्दल जे शिकवलं ते टेपनं किंवा छापील पानानं शिकवलं नसतं. एका वाड्यावर एक वृद्ध मेंढका गात होता. पुरुष पुढे, बाया मागे चुलीपाशी. मधेच तो देवांच्या नावांशी अडखळला. साथीदार गप्प. तेवढ्यात मागून त्याच्या कारभारणीनं भाकरी थापता थापता, मान वर न करता, नाव सांगितलं. त्यानं ते उचललं आणि ओवी पुढे गेली. घरी येऊन मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. रात्रभरात ती अशी अनेकदा बोलली होती. पुरुषांनी गायची म्हणून ओळखली जाणारी ही ओवी तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. ध्वनिमुद्रणात तिचा आवाज कुजबुज म्हणून राहिला असता; पुस्तकात तर ती कुठेच आली नसती. परंपरा कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाच्या आधारावर उभी आहे, हे चित्रातच दिसतं.

हाताचं ज्ञानही तसंच. घोंगडीचं घ्या. मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, तिचं सूत कातायचं. मग सनगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या, मागावर घोंगडी विणायची, चिंचोक्याच्या खळीनं तिला ताठरपणा द्यायचा. कोकराच्या पहिल्या लोकरीची, जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. हे मी इथे चार वाक्यांत लिहिलं. पण खळ किती दाट हवी, कुंचा किती दाबून फिरवायचा, हे विणणाऱ्याच्या मनगटात असतं. तो ते बोलून सांगू शकत नाही, करून दाखवतो. धनगरांच्या गजी नाचाचंही असंच: ढोलाचा ठेका बदलताच वीस माणसं एकदम कशी वळतात, म्हातारा नाचणारा नव्या पोराला कोपराच्या इशाऱ्यानं कसा सावरतो, हे लिहून ठेवता येत नाही.

पूर्वीच्या लोकांपुढची अडचण मोठी होती. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचं चारशे फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. रात्रभराची ओवी त्यात मावणार कशी? मग चित्रण करणाऱ्यांना तुकडे निवडावे लागायचे, आणि बहुतेक वेळा निवड व्हायची ती उसळीची: भंडारा उधळतानाची, अंगात येतानाची. कथनाचे शांत तास गळून जायचे. आज तशी सक्ती राहिलेली नाही. साध्या कॅमेऱ्यावर रात्र मावते. तरी आजही आपण तुकडेच उचलतो, तीस सेकंदांचे, ढोल सर्वांत जोरात वाजतो तेवढेच. हातात साधन आलं आणि सवय जुनीच राहिली, हे मला फार सलतं. ओवी चित्रित करायची तर सुंबरानापासून करावी, कथन वगळू नये, आणि मधला चहा, विडी, लेकराचं रडणं, कुत्र्यांचं भुंकणं कापू नये. ओवी त्या सगळ्यात घडते.

एकदा चित्रित करून काम संपतही नाही. ओवी दर रात्री वेगळी असते. गाणारा ज्या वावरात बसला आहे तिथल्या देवाचं नाव घेतो, ज्या शेतकऱ्यानं बाजरी दिली त्याच्यासाठी मागणं मागतो. नगरच्या पठारावर आणि कोकणात उतरल्यावर त्याच कथेचे डोंगर बदलतात. एकच मुद्रण 'मूळ' म्हणून मिरवलं की पुढची पिढी तेच घोकते आणि बदलण्याची ताकद हरवते. म्हणून एकच कथा वेगवेगळ्या गाणाऱ्यांकडून, वेगवेगळ्या मुक्कामी, वाटेवर आणि यात्रेत, अशी टिपायला हवी.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हे काम किती मोठं होऊ शकतं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी दाखवून दिलं. त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. अलीकडे 'परी' या संस्थेनं तो ठेवा लोकांपुढे आणला आणि त्या गाणाऱ्या बायांच्या घरी पुन्हा जाऊन त्यांचं चित्रणही केलं. इतक्या वर्षांनंतर परत जाणं, हीच यातली मोलाची गोष्ट. ओवीला गाव मिळालं, चेहरा मिळाला, तिच्यामागचं आयुष्य मिळालं.

परत जाण्यावर माझा भर आहे, कारण चित्रण वाड्यावर परत गेलं नाही तर ते जपलं असं मी मानत नाही. आम्ही चित्रित केलेली ओवी गाणाऱ्यांनाच दाखवतो, त्यांच्या पोरांच्या मोबाइलवर पूर्ण घालून देतो. एका पोरानं आपल्या आजोबांची ओवी मेंढरांमागे चालताना ऐकून ऐकून पाठ केली. आजोबांनी त्याला शेजारी बसवून तपासलं आणि म्हणाले, "शब्द आल्यात. आता माझ्याबरोबर म्हण, म्हंजी थांबायचं कुठं ते कळंल." चित्रानं शब्द दिले, थांबणं माणसानं दिलं. मला वाटतं या कामाची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या म्हाताऱ्यानं सांगितल्या. युनेस्कोचा अमूर्त वारशाबाबतचा २००३ सालचा करार, ज्यात भारत २००५ साली सामील झाला, हेच म्हणतो: वारसा जपायचा म्हणजे तो एका पिढीकडून दुसरीकडे जाता ठेवायचा, आणि ज्यांचा तो आहे त्यांना बरोबर घेऊन.

बरोबर घेणं म्हणजे आधी विचारणं. देवाचे काही विधी असे असतात की तिथे कॅमेरा नको, असं जाणती माणसं सांगतात. तिथे तो बंद ठेवावा, वाद घालू नये. गाणाऱ्याचं नाव आणि गाव त्याच्या परवानगीनं चित्राबरोबर कायम राहावं, आणि त्यातून पैसा आला तर त्याचा वाटा त्याच्या घरी जावा. 'लोकपरंपरा' म्हणून सगळ्यांची, असं म्हणत गाणाऱ्यालाच अनामिक करून टाकण्याचा अन्याय आपल्याकडे फार झाला आहे.

चित्र टिकवणं हेही वेगळं कष्टाचं काम आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तोपर्यंत आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. २००३ साली पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि उरलेल्यातलंही बरंच गेलं. आजच्या फायली आगीनं नाही तर दुर्लक्षानं जातात: हार्ड डिस्क बंद पडते, फोन हरवतो. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि प्रत्येक चित्रणासोबत कोण गातंय, कुठलं गाव, कुठला दिवस, कुठलं निमित्त, हे लिहून ठेवावं. ही चिठ्ठी नसेल तर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला फक्त एक म्हातारा गाताना दिसेल.

नीरेकाठी आता ऊस झाला आहे. मोकळी वावरं कमी, रस्ते रुंद, गाड्या वेगात. मेंढरं रस्त्याकडेनं जीव मुठीत धरून चालतात. मेंढपाळांची पोरं शाळेत जातात, नोकऱ्या धरतात, आणि त्यांनी ते करावंच. वाडा उन्हातान्हात चालत राहावा म्हणून कुणाच्या लेकरानं शिकू नये, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण वाडा थांबला तरी त्यानं पिढ्यान्‌पिढ्या वाहून आणलेला इतिहास थांबू नये, एवढं आपण करू शकतो.

वाचकांनो, तुमच्या घरात, गल्लीत, गावात आज कुणीतरी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल. ओवी, गोंधळ, भारूड, हादग्याची गाणी, पेरणीची रीत, मातीचं भांडं घडवण्याची कला, किंवा नुसतीच दुष्काळाची आठवण, त्यांच्याजवळ काहीतरी नक्की आहे. या रविवारी त्यांच्यासमोर बसा. परवानगी घ्या. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा, म्हणजे तुमचं लक्ष त्यांच्याकडे राहील. घाई करू नका, मधे बोलू नका, त्यांचे हातही दिसू द्या. नाव, गाव, तारीख लिहा. आणि चित्रण झाल्यावर ते सर्वांत आधी त्यांच्याच नातवंडांना दाखवा.

संस्था त्यांचं काम करतील. पण महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांवर आहेत, आणि त्या सगळ्यांपर्यंत पोचेल इतकी मोठी संस्था कुठलीच नाही. तिथे पोचलेले आपणच आहोत.